एम.ए. मानसशास्त्राचा संशोधन आराखडा: मापनी आधी, शीर्षक शेवटी

‘सोशल मीडियाचा तरुणांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम.’ दरवर्षी असं एखादं शीर्षक घेऊन विद्यार्थी येतात, कारण ‘आधी विषय पक्का कर’ असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. या शीर्षकात मोजता येईल असं काहीच नाही. मानसिक आरोग्य म्हणजे नैराश्य, चिंता, की झोप? ‘परिणाम’ हा शब्द तर खोडूनच टाका. एकदाच प्रश्नावली भरून घेतली तर सहसंबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

शीर्षकाऐवजी एक प्रश्न लिहा. कोण, काय आणि कुणाशी तुलना, हे एका वाक्यात यायला हवं. उदाहरणार्थ, पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलं घ्या. पहिलाच प्रयत्न असलेले आणि तीन किंवा जास्त प्रयत्न झालेले, यांना जाणवणाऱ्या ताणात फरक आहे का? तीन प्रयत्न झालेली मुलं वयानेही मोठी असतात, म्हणून वय आणि घरून येणाऱ्या पैशांची माहिती घ्यायचं आराखड्यातच नमूद करा. फरक प्रयत्नांमुळे की वयामुळे, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

पूर्वीचं संशोधन शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) आणि गूगल स्कॉलरवर शोधा. प्रत्येक अभ्यासातली मापनी (म्हणजे उत्तरांना गुण देऊन मोजणारी प्रश्नावली), नमुना (कोण आणि किती जण) आणि निष्कर्ष तक्त्यात मांडा. अमक्याने हे म्हटलं, तमक्याने ते म्हटलं, अशी जंत्री नको.

आता मापनी. बहुतेक आराखडे इथेच कोसळतात, माझाही कोसळला होता.

ताणासाठी शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ची मापनी बरेच जण वापरतात. तिच्या १० विधानांच्या आवृत्तीत गेल्या महिन्याभराबद्दल विचारतात, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण आणि एकूण ० ते ४०. त्यातली चार विधानं सकारात्मक आहेत, त्यांचं गुणांकन उलटं करायचं असतं. एम.ए.ला असताना मी तिचं मराठी एका रात्रीत एकटीनेच केलं. सगळं आपल्या आवाक्यात आहे असं किती वेळा वाटलं, अशा अर्थाचं एक विधान इंग्रजीत वाक्प्रचाराने मांडलंय. मी ते शब्दशः ‘गोष्टींच्या वर असल्यासारखं वाटलं’ असं उतरवलं. काहींनी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं. ज्यांनी विचारलं नाही, त्यांनी मधल्या आकड्याला गोल केला. विश्वसनीयता गुणांक काढला तेव्हा मापनीतली विधानं एकमेकांशी जुळतच नव्हती, आणि तोवर सगळे फॉर्म भरून झाले होते. तिथून मागे फिरता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून माहिती गोळा करावी लागते. दोन महिने गेले.

म्हणून आधी जुन्या प्रबंधांत मराठी आवृत्ती शोधा आणि सापडली तर त्या संशोधकाला ईमेल करून परवानगी मागा. नसेलच, तर मूळ मापनीकारांच्या अटी पाहून दोघांकडून वेगवेगळं भाषांतर करून घ्या आणि एकत्र बसून त्यातून एक मसुदा ठरवा. मूळ मापनी न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि मूळ विधानांशी ताडून बघा. त्यानंतर अभ्यासिकेतल्या दहा जणांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि काय समजलं ते त्यांच्या शब्दांत सांगायला सांगा. वेळ नाही म्हणून सगळे हीच पायरी गाळतात. कृपा करून गाळू नका. लातूर, बीड, जळगावहून आलेली मुलं ‘टेन्शन’ म्हणतात, ‘मानसिक तणाव’ म्हणत नाहीत. मग मापनीतही टेन्शनच लिहा. गाईडना खटकलं, तर या दहा जणांची उत्तरं पुढे ठेवा. शेवटी तीसेक जणांवर पूर्वचाचणी करा. क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा विश्वसनीयता गुणांक, ०.७०च्या खाली असेल, तर मुख्य अभ्यास सुरू करू नका.

परवानगीचाही मुद्दा आहे. बेकची नैराश्य मापनी विकत घ्यावी लागते, नेटवरून उतरवलेली पीडीएफ म्हणजे परवानगी नव्हे. पीएचक्यू-९ ही नैराश्याचीच नऊ विधानांची मापनी मोफत आहे.

नमुन्याबाबत ‘शंभर पुरतात’ हा सल्ला ऐकू नका. दोन गटांची तुलना, मध्यम म्हणजे प्रमाण विचलनाच्या ०.५ पट इतका अपेक्षित फरक, ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात ६४, एकूण १२८ लागतात. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर ही आकडेमोड करून देतं. अर्धवट फॉर्म गृहीत धरून १४० लिहा.

नैतिकतेच्या भागात फक्त ‘संमती घेतली जाईल’ एवढं लिहून भागत नाही. १८ वर्षांखालील मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाचाही होकार हवा. पीएचक्यू-९ वापरणार असाल, तर तिचं नववं विधान मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी त्यावर ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली आणि फॉर्म निनावी असेल, तर तुम्ही त्या मुलापर्यंत पोहोचणार कसे? म्हणून फॉर्मवर सांकेतिक क्रमांक घाला, नावांची यादी वेगळी आणि कुलूपबंद ठेवा. अशा वेळी नाव उघडून संपर्क केला जाईल, हे संमतीपत्रातच स्पष्ट सांगा. फॉर्म त्याच दिवशी, जागा सोडण्यापूर्वी तपासा. तेव्हा कोणत्या समुपदेशकाशी बोलायचं, हे आधीच ठरवून आराखड्यात लिहा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असलेला कागद मात्र सगळ्यांच्या हाती द्या, फक्त जास्त गुण आलेल्यांच्या नव्हे.

विश्लेषणाला टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीची तुलना), त्यासाठी जामोवी किंवा जास्प हे मोफत सॉफ्टवेअर. वेळापत्रक, संदर्भसूची विभागाच्या नमुन्याप्रमाणे.

आता पहिलं पान उघडा आणि शीर्षक लिहा: ‘एमपीएससीची तयारी करणाऱ्या प्रथम-प्रयत्न आणि अनेक-प्रयत्न विद्यार्थ्यांना जाणवणाऱ्या ताणाचा तुलनात्मक अभ्यास’.