पडवीतली शाळा: विषय अंगणाने ठरवायचा

आमची शाळा घराच्या पडवीत भरते. विद्यार्थी दोन: मोठी सहा वर्षांची, धाकटा चारचा. ‘विषय कसे ठरवता?’ असं इतर आया विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. महिना उलटला म्हणून विषय बदलू नका, अंगणात काही बदललं की बदला. आमच्या सावंतवाडीत असे बदल वर्षाला पाच-सहाच होतात आणि तेवढे पुरतात.

आधी जागा लावून घ्या. मुलांच्या छातीएवढं, तीन कप्प्यांचं एकच फडताळ. वरचा कप्पा वर्षभर तसाच: पाटी, पेन्सिली, मणी, बोथट कात्री, सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणारी रंगीत लाकडी फळं. मधला कप्पा ऋतूचा. तिथे एका ताटात एकच काम, आणि एका वेळी सहाच ताटं. ताटाला आणि फळीला एकाच रंगाचा ठिपका लावला की धाकटाही ताट बरोबर जागी ठेवतो, ओरडावं लागत नाही. खालचा कप्पा रिकामा ठेवा. मुलं दगड, पिसं, शंख, कसल्याकसल्या बिया उचलून आणतात, त्यांची ती जागा. उरलेलं सगळं सामान बंद कपाटात, मुलांच्या नजरेआड.

पावसाळ्यात इकडे बांबूच्या सुपल्यांना बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर स्टीलची ताटं वापरा. कागद पत्र्याच्या डब्यात, लिहिणं पाटीवर.

पाऊस हा आमचा सगळ्यात मोठा विषय. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, मग गणितासाठी दुसरं काय हवं? सरळ भिंतींची, उंच काचेची बरणी उघड्यावर ठेवा; वर झाड किंवा पागोळी नको. रोज सकाळी साडेआठला पट्टी लावून पाणी मोजा आणि बरणी रिकामी करा. हवामान खात्याची चोवीस तासांची नोंदही साडेआठलाच होते, त्यामुळे मोठी पेपरातल्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडून बघते. दोन्ही क्वचितच जुळतात, आणि का जुळत नाहीत यावर आमचा अर्धा तास जातो. धाकट्याला मिलिमीटर नकोत. तो एका सेंटिमीटरला एक निळा चौकोन भिंतीवर चिकटवतो. जुलैत भिंत निळी होते.

त्याच दिवसांत मूठभर भात रात्रभर भिजवून ओल्या फडक्यावर पसरा. मोड आले की करवंटीत मातीत पेरा. तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, वीस-पंचवीस दिवसांचा झाला की शेतात लावणी करतात. मुलांनीही तेव्हाच करवंटीतली रोपं बादलीत लावावी. तोवर रोज एक रेघ, रोपाच्या उंचीएवढी.

गणेश चवथीच्या आधी मधला कप्पा माटवीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या रानफळं-पानांच्या चौकटीचा. तिला बांधायच्या वस्तू बाजारात आल्या की दोन-दोन आणा: कवंडळाचं रानफळ, सुपारीचं शिपटं (घड), हरणाची फुलं, आंब्याचा टाळा (पानांची डहाळी). एक माटवीला, एक ताटात. रंगाने लावा, वजनाने लावा, कापून आतल्या बिया बघा. कवंडळ मात्र तुम्हीच कापा आणि तोंडात जाऊ देऊ नका, ते विषारी असतं. एवढ्या रानवस्तू एकत्र वर्षात पुन्हा मिळत नाहीत, म्हणून त्या आठवड्यात अक्षरओळख सरळ बंद ठेवते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बिया, पानं, शंख-शिंपले घेऊनच मुलांना शिकवलं. महागड्या शैक्षणिक खेळण्यांची जाहिरात दिसली की मला ते आठवतं.

थंडीत दशावतार, आमच्याकडचं लोकनाट्य. मुकुट, गदा, पुठ्ठा, डिंक. पडवीत पसारा होतो, होऊ द्या. फक्त जेवणाआधी ताटं ठिपक्यावर परत.

एप्रिल-मेमध्ये शाळा सकाळी सात ते साडेआठ, पुढे उकाडा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले की मुलांना फळं फोडायला बसवा: साल एकीकडे, गर आणि बिया दुसरीकडे. साली रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. दर वेळी वजन करून पाटीवर लिहा. आकडा उतरत जातो आणि वजाबाकी आपोआप सुरू होते. कपडे जुनेच घाला, कोकमाचा डाग निघत नाही.