दुसऱ्या कापणीचं तेल वेगळं का निघतं? सुगंधी पिकांवर प्रबंध करणाऱ्यांसाठी

सुगंधी वनस्पतींवर एम.एस्सी. करायची म्हटलं की दरवर्षी एक विषय हमखास कुणाच्या तरी वाट्याला येतो: ‘कापण्यांच्या संख्येचा तेलाच्या उताऱ्यावर व घटकांवर होणारा परिणाम’. (उतारा म्हणजे ठरावीक पाल्यातून किती तेल निघालं ते.) पीक कधी गवती चहा असतं, कधी तुळस, कधी जिरेनियम. विषय दिसायला सरळ. लावा, कापा, तेल काढा, जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावा, तक्ता भरा. मी गवती चहावर हेच काम केलं आणि आता सुगंधी तेलांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत रोज तीच तेलं तपासते. या विषयात मुलं जिथे अडकतात ती जागा मशीनवर नसते, आराखड्यातच असते. म्हणून हे लिहितेय, शक्यतो पहिली कापणी होण्याआधी वाचा.

आधी पिकाबद्दल थोडं. तेलासाठी मुख्यतः लावतात तो सिम्बोपोगॉन फ्लेक्झुओसस. परसात चहासाठी लावतो तो सहसा त्याचा चुलतभाऊ, सिट्रेटस. ठोंब लावल्यावर साधारण तीन-चार महिन्यांनी पहिली कापणी येते. पाणी असेल तर पुढच्या कापण्या ५०–६० दिवसांच्या अंतराने, जमिनीपासून १०–१५ सेंमी ठेवून. एकदा लावलेलं पीक चार-पाच वर्षं चालतं. उसाच्या पट्ट्यातून आलेल्या मुलांना लावण, खोडवा, निडवा (कापल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा येणारं पीक) हे गणित आधीच अंगवळणी असतं, त्यांना हे पीक समजवावं लागत नाही. तेलाचा प्राण म्हणजे सिट्राल. ते एक संयुग नाही, जिरॅनियल आणि नेरल या दोन जुळ्यांचं मिश्रण आहे. चांगल्या तेलात दोन्ही मिळून ७० ते ८५ टक्के भरतात. जीसीच्या आलेखावर त्यांची दोन वेगळी शिखरं येतात, त्यामुळे ‘सिट्राल’चं एकच शिखर शोधत बसू नका.

आता मुद्दा. समजा जुलैत लागवड केली. पहिली कापणी दिवाळीच्या सुमारास, दुसरी जानेवारीत, तिसरी मार्चमध्ये, चौथी मेमध्ये. तक्त्यात तुम्ही १, २, ३, ४ लिहिता आणि निष्कर्ष काढता की कापण्या वाढल्या तसं तेल असं असं बदललं. पण पहिल्या आणि चौथ्या कापणीत फरक फक्त विळा किती वेळा चालला एवढाच नाही. ऊन बदललं, रात्रीचं तापमान बदललं, हवेतला दमटपणा गेला, झाडाचं वय वाढलं, कापलेल्या पानांचं वय वेगळं होतं, तुरा आला असेल तर तोही आत आला. यातलं कोणी तेल बदललं? मार्गदर्शक विचारतील किंवा नाही विचारणार, तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक मात्र नक्की विचारतात.

या सगळ्यांत पानाचं वय सगळ्यात जबर. पेपरमिंटवर यासंबंधी फार सुंदर काम झालेलं आहे. पानावरच्या ग्रंथी साधारण १२ ते २० दिवसांच्या पानातच जोमाने मोनोटर्पीन (तेलातले सुगंधी घटक) तयार करतात, पुढे उत्पादन जवळजवळ थांबतं. पण रसायन थांबत नाही: पान जून होत जातं तसं साठलेलं मेन्थोन मेन्थॉलमध्ये बदलत जातं. म्हणून पुदिना लवकर कापला तर तेलात मेन्थोन चढं आणि मेन्थॉल कमी. रोशा गवतातही (पामारोसा तेल देणारं गवत) असाच प्रवास दिसतो. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट जास्त असतं, तुरा पक्व होत जाईल तसं ते घटून जिरॅनिऑल वाढतं. (रोशा आपल्याकडचाच. खानदेश-निमाडच्या जंगलांतून निघालेलं त्याचं तेल एके काळी मुंबईमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. भेसळीचा का होईना, इतिहास आहे!) तर पहिली कापणी ११० दिवसांनी आणि दुसरी ६० दिवसांनी घेतली, तर दोन्ही गठ्ठ्यांत कोवळ्या आणि जून पानांचं प्रमाणच निराळं. तेलातला फरक तिथूनही आलेला असू शकतो.

मग करायचं काय? बरेच जण लागवडीच्या तारखा पुढेमागे करतात: काही वाफे जूनमध्ये, काही ऑगस्टमध्ये, काही ऑक्टोबरमध्ये. म्हणजे फेब्रुवारीत एकाच दिवशी एका वाफ्याची तिसरी, दुसऱ्याची दुसरी आणि तिसऱ्याची पहिली कापणी मिळते. ऋतूचा गोंधळ मिटतो, पण झाडांचं वय वेगळं राहतंच. मला जास्त पटलेली पद्धत अशी. सगळी लागवड एकाच दिवशी करायची. अ गटातले वाफे ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये कापायचे, ब गटातले फक्त डिसेंबरमध्ये, त्याच दिवशी आणि त्याच उंचीवर. फेब्रुवारीत दोन्हींचे नमुने एकत्र घ्यायचे. झाडाचं वय सारखं, ऋतू सारखा, वाढ दोन्हीकडे ६० दिवसांचीच. फरक उरतो तो आधी किती वेळा कापलं एवढाच. शिवाय क गट, फेब्रुवारीपर्यंत हात न लावलेला. जून पानं काय करतात ते त्यात दिसतं. वाफे वाढतात, मजुरी वाढते, मार्गदर्शक कुरकुर करतात. तरी हा आग्रह सोडू नका. जागाच कमी असेल तर पुनरावृत्ती (प्रत्येक गटातले वाफे) कमी करण्यापेक्षा कापण्या कमी करा.

कापण्याचा स्वतःचा असा परिणाम असतोच. पानं गेली की नवे फुटवे काढायला ठोंब मुळांत-बुडख्यात साठवलेलं अन्न वापरतो. कापण्या फार जवळजवळ घेतल्या की हा साठा भरून निघत नाही, फुटवे बारीक आणि कमी येतात. दर कापणीला पाल्याबरोबर नत्रही शेताबाहेर जातं, त्यामुळे कापणीनंतर खताचा हप्ता सगळ्या वाफ्यांना वाढीच्या प्रमाणात दिला नाही तर तुम्ही कापणीचा नव्हे, उपासमारीचा परिणाम मोजत बसाल. पुदिना-तुळशीत आणखी एक गोष्ट: दुसऱ्या फुटीत पान-काडीचं प्रमाण बदलतं. काडीत तेल जवळजवळ नसतंच, म्हणून पाला कमी-जास्त झाला की उतारा हलतो. तुळशीत मंजिऱ्या किती आल्या हेही पाहावं लागतं. प्रत्येक नमुन्यातून मूठभर पाला घेऊन पानं, काड्या, मंजिऱ्या वेगळ्या करून तोला. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे हेच आकडे तुम्हाला तारतात.

उतारा मोजताना क्लेव्हेंजरची नळी (पाला पाण्यात उकळून निघालेलं तेल खुणांवर मोजणारं काचेचं उपकरण) सगळ्यांना ठाऊक असते, तिच्या मर्यादा कुणी सांगत नाही. १०० ग्रॅम ताज्या गवतातून ०.४ मिली तेल आलं आणि नळीवर ०.०५ मिलीची खूण असेल, तर अर्धी खूण चुकली तरी सहा टक्क्यांचा फरक पडतो. दोन कापण्यांतला तुमचा ‘लक्षणीय’ फरक कदाचित एवढाच असेल! फ्लास्क मोठा घ्या, ३००-४०० ग्रॅम पाला घाला, वेळ प्रत्येक वेळी सारखा ठेवा. पाला दिवसाच्या एकाच वेळी कापा आणि एकाच वेळाने आत घाला. पुदिना-तुळशीचं तेल पानाच्या पृष्ठावरच्या ग्रंथींत असतं, हाताळताना त्या फुटतात. गवती चहाचं तेल पानाच्या आतल्या पेशींत असतं, तो थोडा सोशिक. पावसाळी पाल्यात पाणी जास्त, उन्हाळी पाल्यात कमी, म्हणून ताज्या वजनावरचा उतारा ऋतूबरोबर आपोआप नाचतो. थोडा पाला ओव्हनमध्ये वाळवून कोरड्या वजनावरही उतारा काढा.

टक्केवारीबद्दल दोन शब्द जास्त खर्च करते. जीसीचा अहवाल शंभराला बांधलेला असतो. एक घटक वाढला की दुसरा कागदावर घटलाच पाहिजे, झाडात घटला असो वा नसो. समजा पहिल्या कापणीत १०० ग्रॅम पाल्यातून ०.४० मिली तेल, त्यात सिट्राल ८० टक्के. दुसऱ्या कापणीत ०.५२ मिली तेल, सिट्राल ७५ टक्के. प्रबंधात लिहिलं जातं ‘दुसऱ्या कापणीत सिट्राल घटलं’. हिशेब करा: पहिल्या वेळी साधारण ०.३२ मिली, दुसऱ्या वेळी ०.३९. झाडाने सिट्राल जास्त बनवलं, बाकीचे घटक प्रमाणाने त्याहून जास्त वाढले. तेल विकणाऱ्याला टक्केवारी हवी असते, कारण भाव तिच्यावर ठरतो. झाडाचं काय झालं हे विचारणाऱ्याला प्रति ग्रॅम पाल्यातलं प्रमाण लागतं. दोन्ही स्तंभ द्या.

आणि तेलाच्या कुप्या. वर्षभराचं तेल फ्रीजमध्ये साठवून शेवटी एकदम जीसीला लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण मशीनचा नंबर लवकर लागत नाही. पण तोवर पहिल्या कापणीचं तेल कित्येक महिन्यांचं झालेलं असतं. सिट्राल हवेने आणि उजेडाने बिघडतं. तुळशीच्या तेलातलं कॅरियोफिलीन हळूहळू त्याच्या ऑक्साइडमध्ये जातं. मग तक्त्यात ‘पहिल्या कापणीत ऑक्साइड जास्त’ असा शोध लागतो. निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढा, गडद काचेच्या कुपीत गळ्यापर्यंत भरा, ४ अंशांवर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर तपासा. लवकर जमत नसेल तर एकाच तेलाच्या छोट्या छोट्या सीलबंद कुप्या करून ठेवा आणि प्रत्येक खेपेला त्यातली एक सोबत लावा. कॉलम (जीसीतली घटक वेगळे करणारी नळी) जुना झाल्याने किती सरकलं आणि झाडाने किती सरकवलं, हे तिच्यावरून कळतं. घटकांची ओळख पटवताना नुसत्या लायब्ररीच्या (यंत्रातल्या ज्ञात संयुगांच्या नोंदींच्या) जुळणीवर जाऊ नका. मोनोटर्पीनांचे मास स्पेक्ट्रम (रेणू फोडून मिळणारे ठसे) एकमेकांसारखे दिसतात. अल्केन मालिका लावून रिटेन्शन इंडेक्स (घटक कॉलममधून बाहेर यायला लागणाऱ्या वेळेचा प्रमाणित आकडा) काढाच.

संख्याशास्त्राचं एवढंच सांगते की एकाच वाफ्यातून पुन्हा पुन्हा घेतलेले आकडे स्वतंत्र नसतात. कापणीला वेगळी ट्रीटमेंट समजून साधा एनोव्हा (गटांच्या सरासरींतला फरक तपासण्याची चाचणी) लावू नका. संख्याशास्त्राच्या सरांकडे आराखडा घेऊन लागवडीआधी जा, आकडे घेऊन नंतर नव्हे.

शिकण्याच्या जागा: लखनौची सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) ही या क्षेत्रातली प्रमुख संस्था. कनौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रात डिस्टिलेशनचे आणि तेल तपासण्याचे छोटे अभ्यासक्रम चालतात. केरळात ओडक्कालीचं केंद्र १९५१ साली गवती चहासाठीच सुरू झालं, ‘सुगंधी’ हा वाण तिथला. आपली चारही कृषी विद्यापीठं आहेतच. नोकरी बहुतेकांना तेल तपासण्याच्या कामात मिळते, आणि तिथे कापणीचा प्रश्न रोज टेबलावर येतो. जिरेनियमच्या प्रत्येक खेपेला सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑलचं गुणोत्तर पाहतात. ते हललं की वेगवेगळ्या कापण्यांचं तेल मिसळून ग्राहकाला हवं तिथे आणतात. विद्यापीठात जो ‘फरक’ म्हणून साजरा होतो, तो इथे सपाट करायचा असतो. गंमतच आहे.

मुलाखतीला आलेल्यांना मी एक कागद देते: एकाच शेतकऱ्याच्या गवती चहाचे दोन लॉट, एकात सिट्राल ८१ टक्के, दुसऱ्यात ७३. पहिलं काय विचाराल? बहुतेक जण म्हणतात, ‘कितवी कापणी?’ क्वचित एखादी मुलगी विचारते की तेल कधी काढलं, तेव्हा उतारा किती होता आणि मधल्या काळात ड्रम उघडा होता का. तिच्याशी पुढचं बोलणं लांबतं.