लाइक भरपूर, बुकिंग नाही: कोकणातल्या लग्नव्यावसायिकांनो, या चुका टाळा

कोकणात लग्नाचं काम करणाऱ्यांकडे कसब कमी नाही. खेडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही तालुक्यात जा, एका रात्रीत अख्खं अंगण झाकणारा मंडपवाला भेटेल, पाचशे पानांची पंगत वेळेत उठवणारा आचारी भेटेल, झेंडू नि आंब्याच्या टाळांवर (पानांच्या डहाळ्यांवर) देखणं दार उभं करणारी पोरं भेटतील. अडतं ते हे काम योग्य माणसांच्या नजरेला पडण्यापाशी. रील सगळेच टाकतात, स्टेटस रोज बदलतात, आणि वर्षअखेरीला तक्रार एकच असते: बघतात सगळे, विचारत कोणी नाही. ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी त्याचा मोबाइल मागून घेतो. कारणं तिथंच सापडतात, आणि बहुतेक वेळा ती दुरुस्त होण्यासारखी असतात.

लाइक करणारे कोण, ते नावानिशी बघा

शेवटच्या चार-पाच पोस्ट उघडा आणि लाइक करणाऱ्यांची नावं वाचा. निम्मे दुसरे फोटोग्राफर आणि डेकोरेटर, बाकीचे मित्र नि भावबंद असतील, तर तुम्ही व्यवसायातल्या माणसांसाठी पोस्ट टाकताय, लग्नघरासाठी नाही.

आपलं लग्नघर बहुतेक वेळा दोन ठिकाणी विभागलेलं असतं. मुलगी डोंबिवलीला किंवा विरारला नोकरी करते, घर आणि आजी गावाला. सजावट मुलगी इन्स्टाग्रामवर पाहते. पैशाचं बोलणं वडील व्हॉट्सअॅपवर करतात. आणि शेवटचा होकार येतो तो गावातल्या काकाचा, कारण मांडव त्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहायचा असतो. म्हणजे तुमचा एक व्हिडिओ या तिघांमधून फिरणार. तो घरच्या ग्रुपवर जाईपर्यंत तुमच्या अकाउंटचं नाव कुठल्या कुठे गळून पडलेलं असतं. म्हणून नाव, गाव, तालुका आणि फोन नंबर व्हिडिओच्या आतच लिहा, सुरुवातीलाही आणि शेवटीही. एवढ्या एका बदलाने विचारणा वाढलेली मी पाहिली आहे.

फॉलोअर विकत घेण्याबद्दल विचाराल तर नका घेऊ. ती माणसं गुहागरला लग्न करायला येणार नाहीत.

“कोकणातील नंबर एक” याने काहीच कळत नाही

हे वाक्य प्रत्येकाच्या फ्लेक्सवर आहे, त्यामुळे ते कुणाचंच राहिलेलं नाही. त्याऐवजी काम सांगा. “मालगुंड, घरचं अंगण, 300 पानं, मांडव आदल्या संध्याकाळी उभा, दारावर केळीचे खांब आणि आंब्याचे टाळ, वीज गेली तर जनरेटर सोबत.” ज्याच्या घरी तसंच अंगण आहे, तो हे वाचून थांबतो. शिवाय गावाचं नाव लिहिल्याने गूगलवर शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडता. लोक “कोकण वेडिंग” असं क्वचितच शोधतात, ते आपल्या तालुक्याचं नाव टाकतात. गूगलच्या नकाशावर तुमच्या व्यवसायाची नोंद फुकट होते. ती करताना प्रकार नीट निवडा. केटरिंग करणाऱ्याने तिथे “हॉटेल” लिहिलं की येणारे फोन खोल्यांसाठी येतात.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सगळ्या कोकणाला एकाच “महाराष्ट्रीयन वेडिंग”मध्ये कोंबू नका. रायगडच्या आगरी-कोळी घरात हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते आणि धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणते. रत्नागिरीकडच्या गावात खालू बाजा, म्हणजे तिथलं पारंपरिक वाजपाचं पथक, हवा असतो. सिंधुदुर्गात देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. कोकणी मुसलमान कुटुंबांच्या रीती आणि जेवण आणखी वेगळं. यातलं जे तुम्हाला खरोखर येतं तेच दाखवा, आणि बारकाव्यानिशी दाखवा. सुरंगीच्या वेण्या, ओल्या काजूगरांची उसळ, वड्यांसोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं या गोष्टी शहरातल्या कंपनीला इतक्या सहज जमणार नाहीत. मात्र ऋतूही लिहा. सुरंगी आणि ओले काजूगर उन्हाळ्याच्या सुरुवातीचे, डिसेंबरच्या लग्नात ते मागितले तर मिळणार नाहीत. हे आधीच सांगणाऱ्यावर माणसं भरवसा ठेवतात.

लोकांना पडलेले प्रश्न सोडून बाकी सगळं दाखवणं

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. मुंबईच्या कुटुंबाला मंडपाचा रंग नंतर सुचतो, आधी प्रश्न पडतो की दीडशे माणसं तिथे आणायची कशी. याचं उत्तर तुम्ही द्या. गणपतीपुळ्याला जवळचं स्टेशन रत्नागिरी, गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड, मालवणला कुडाळ किंवा कणकवली. पुढे गाडी कुठली करायची, रस्त्यात कुठल्या ठिकाणी वेळ जातो, मोठी बस वाडीपर्यंत येते की फाट्यावरच थांबते, हे सगळं तुम्हाला पाठ असतं आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. समजा पाहुणे 8 मेच्या गाडीने निघणार. त्यांचं आरक्षण 9 मार्चला उघडणार, आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या किती पटकन भरतात हे वेगळं सांगायला नको. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे दीडशे माणसांसाठी त्या सकाळी घरातल्या बऱ्याच जणांना मोबाइल घेऊन बसावं लागणार. ही माहिती फेब्रुवारीत एका साध्या पोस्टमध्ये द्या. ती पुढे पाठवली जाते, कारण ती उपयोगी पडते. आणि ज्याने तिकिटाची काळजी घेतली तो मांडवाचीही घेईल, असं वडिलांच्या मनात आपसूक बसतं.

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी भरती-ओहोटीबद्दल तर बोललंच पाहिजे. दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. कुणी तुमचा ओहोटीच्या वेळचा, ओल्या वाळूवर खुर्च्या मांडलेला फोटो पाहून संध्याकाळचा मुहूर्त धरला आणि त्या दिवशी भरती नेमकी संध्याकाळी असली, तर दोष तुमच्याकडे येणार. फोटोखाली वेळ लिहा. तारीख विचारली की भरतीचं कोष्टक पाहूनच उत्तर द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारपासून समुद्रावरून वारा चढतो, पातळ पडदे शिडासारखे फुगतात. तेव्हा पाईपच्या पायाला वाळूच्या गोण्या कशा बांधता, पडद्याची खालची कड कुठे आवळता, याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका. तयार मांडवाच्या दहा रीलपेक्षा या एका व्हिडिओवर जास्त प्रश्न येतील, आणि प्रश्न विचारणारा माणूसच पुढे गिऱ्हाईक होतो. किनाऱ्यावर मांडव घालायला ग्रामपंचायतीपासून कुठल्या परवानग्या लागतात, त्या तुम्ही काढता की यजमानाने काढायच्या, हेही स्पष्ट लिहा. आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, हे वरातीच्या दिवशी नाही, बुकिंगच्या दिवशी सांगा.

चातुर्मासात गप्प बसणं

आषाढी एकादशी झाली की मुहूर्त थांबतात आणि आपल्याकडच्या बहुतेकांची सोशल मीडियावरची पानंही थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतर जागी होतात. लग्नाची बोलणी मात्र याच काळात होतात. गणपतीला चाकरमानी घरी येतात, अख्खं खटलं एका छपराखाली असतं, आरती झाल्यावर पडवीत बसून “यंदा पोरीचं उरकून टाकू” हा विषय निघतो. त्या आठवड्यात तुमचं नाव कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असायला हवं. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत उन्हाळ्यातल्या कामाचे फोटो थोडे थोडे सोडा, पदार्थांबद्दल लिहा, पुढच्या हंगामातल्या रिकाम्या तारखा जाहीर करा. मेच्या ऐन गर्दीत रोज पोस्ट टाकून काही हाती लागत नाही, तेव्हाच्या तारखा कधीच गेलेल्या असतात.

पंचांग उघडं ठेवा. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. एरवी मेचा दुसरा पंधरवडा सगळ्यात जास्त मागितला जातो, आणि नेमका तोच अधिकात गेला. अशा वर्षी एप्रिल आणि मेची सुरुवात यांवरच सगळा भार येतो. हे ज्याने दिवाळीतच लोकांना सांगितलं, त्याच्याकडे विचारणाही आधी पोहोचते.

“दर जाणून घेण्यासाठी फोन करा”

भरपूर विचारणा येऊन बुकिंग होत नसेल, तर आधी तुमची उत्तरं वाचा. समोरून येतं: “मेचा दुसरा आठवडा, 300 माणसं, वेंगुर्ल्याजवळ घरी. अंदाजे किती?” आपल्याकडून जातं: “नमस्कार, कॉल करा,” आणि दोन हात जोडलेले. ऑफिसात बसलेल्या माणसाला तेव्हा कॉल करता येत नाही. तो पुढच्या नंबरला हाच मेसेज पाठवतो.

त्याऐवजी असं लिहून बघा: “नमस्कार दादा. त्या आठवड्यात आमच्याकडे दोन तारखा मोकळ्या आहेत. घरच्या अंगणात 300 पानांसाठी मांडव, खुर्च्या, लाइट आणि जनरेटर मिळून अमुक ते तमुक रुपये लागतात. जेवणाचा दर पानावर आहे, शाकाहारी आणि वडे-सागोतीचा वेगळा, यादी सोबत पाठवतो. वाहतूक कुडाळपासून धरली आहे. अंगणाचा एक फोटो आणि ट्रक किती आत येतो ते कळवलंत तर आकडा पक्का करून देतो.” आकड्यांच्या जागी तुमचे खरे आकडे घाला. दर उघड केला तर शेजारचा कमी लावेल, ही भीती मला समजते. पण शेजाऱ्याला तुमचा दर आधीच ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो फक्त गिऱ्हाइकाला.

छोट्या अडचणी

ब्रॉडकास्ट पाठवला तरी कुणापर्यंत जात नाही? ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना व्हॉट्सअॅपचा ब्रॉडकास्ट मिळतच नाही. एका यादीत 256 जणच बसतात. इसार घेतानाच यजमानाला नंबर सेव्ह करायला सांगा.

रीलचा आवाज बंद झाला? बिझनेस अकाउंटला चित्रपटातली बहुतेक गाणी वापरता येत नाहीत. मंगलाष्टकं, सनई, खालू बाजा यांचा जागेवरचा आवाज घ्या, आणि वाजवणाऱ्यांना विचारून घ्या.

दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून लावू नका. जयपूरच्या महालातली सजावट कणकवलीच्या कार्यालयात होणार नाही, आणि यजमान लग्नाच्या दिवशी तोच फोटो पुढे धरेल. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथे प्री-वेडिंगचं चित्रीकरण किंवा ड्रोन परवानगीशिवाय नको. तसा व्हिडिओ पानावर टाकणं म्हणजे आपल्याच विरुद्ध पुरावा ठेवणं.

नवरीचा फोटो टाकण्याआधी तिला आणि घरच्यांना विचारा, बुकिंगच्या कागदावर होय-नाही लिहून घ्या. नाही म्हणाले तर हिरव्या चुड्याचे हात, मुंडावळ्या, रुखवताचं ताट, पंगतीत पडलेली केळीची पानं एवढ्यावरही काम उत्तम दिसतं.

अभिप्राय मागायची वेळ, आणि मेमधला फोन

पाठवणीच्या गडबडीत अभिप्राय मागू नका. आठ-दहा दिवसांनी, फोटो हातात पडले की गूगलची थेट लिंक पाठवा आणि “जेवणाबद्दल दोन ओळी लिहाल का” असं नेमकं विचारा. नेमकं विचारलं की माणसं लिहितात. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. कुणी वाईट लिहिलं तर काय झालं आणि आता काय बदललं, एवढंच त्याखाली शांतपणे लिहा. नवा माणूस तक्रारीइतकंच तुमचं उत्तरही वाचतो.

आणि एप्रिल-मेमध्ये, तुम्ही स्वतः मांडवात असताना, फोन कोण घेणार हे मार्चमध्येच ठरवा. घरातली वहिनी, कॉलेजातला भाचा, कुणीही चालेल. त्यांच्यापाशी रिकाम्या तारखांची वही आणि दराचा कागद हवा. कुणीच मोकळं नसेल तर व्हॉट्सअॅप बिझनेसवर आपोआप जाणारा मेसेज लावा: “आज कार्य आहे, रात्री नऊनंतर उत्तर देतो.” आणि नऊनंतर खरोखर द्या.