मालवणला पहिल्यांदा स्कूबा करताना

सोलापूरहून मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन समुद्रात बुडी मारायला निघालात, तर दर विचारण्याआधी एवढंच विचारा: पाण्याखाली एका प्रशिक्षकामागे किती जण? नवख्या माणसाला त्याचा स्वतंत्र प्रशिक्षक हवाच. दमा, कान, हृदय यांची चौकशी न करता थेट बोटीत बसवत असतील तर सरळ परत फिरा, आगाऊ रक्कम गेली तरी चालेल. उतरण्याआधी रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या उपकरणातून, दोन श्वास घेऊन बघा. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ते सिलिंडर नको. सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा 200 बारच्या आसपास हवा. नाक दाबून कान मोकळे करायला आधी उथळ पाण्यात शिकवतात ना, तेही बघा. आणि परतताना त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब घटतो, पाण्याखाली अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. रात्री मालवणलाच मुक्काम करा.