सेल्फ-चेकआउटवर गिऱ्हाईक अडतं तेव्हा: माझा अनुभव
दुकानात गिऱ्हाईक स्वतःच वस्तू स्कॅन करून पैसे भरतं, त्या सेल्फ-चेकआउट मशीनपाशी मी मदतीला असते. लोक सगळ्यात जास्त अडतात ते वजनापाशी. स्कॅन केलेल्या वस्तू ठेवायच्या जागेखाली काटा असतो. नोंदलेलं आणि ठेवलेलं वजन जुळलं नाही की मशीन थांबतं. नुसती पर्स टेकवली तरी तेच. माणूस बिचारा चोरी पकडल्यासारखा कावराबावरा होतो, आणि ते मला बघवत नाही. म्हणून मी आधी सांगते, "काका, तुमचं काही चुकलं नाही, मशीनने पिशवीचं वजन धरलंय." मग शेजारी उभी राहते, पण बटणं त्यांनाच दाबू देते. मी पटापट उरकून दिलं, तर पुढच्या खेपेला गाडी तिथेच अडते. चुरगळलेल्या पाकिटाचा बारकोड मात्र बोटांनी ताणून सपाट करायचा. आता बरेच जण, आपली पिशवी ठेवतोय हे मशीनला सांगणारं 'स्वतःची पिशवी' हे बटण आधी शोधतात.