टोलनाक्याचं नूतनीकरण: सीमाभागात या चुका टाळा

कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी आणि खानापूरच्या वाटेवरचं गणेबैल. बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला हे नाके पाठ असतात. अशा नाक्याच्या नूतनीकरणाचा आराखडा बहुतेक वेळा छतापासून सुरू होतो, कारण फोटोत छतच दिसतं. पहिली चूक तीच. आधी जमीन, मग पाणी, मग लेन आणि सगळ्यात शेवटी छत, हा क्रम धरा.

निपाणीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खानापूरकडे तांबडी, जांभ्याची माती. एका नाक्याच्या पायाचा नकाशा दुसरीकडे तसाच उतरवू नका. याचा फटका बसतो लेनखालच्या भुयाराला, जिथून कर्मचारी बूथपर्यंत जातात आणि केबल्स नेलेल्या असतात. जुन्या भुयारात पाणी साचत असेल तर आतून वॉटरप्रूफिंगचा थर मारून भागत नाही. भिंतीबाहेर खडीचा भराव आणि पाण्याला वाट हवी, तळाला खड्डा आणि पंप हवा, केबल भिंतीवर उंच हवी. भुयार बंद पडलं की बूथवरच्या मुली धावत्या गाड्यांमधून लेन ओलांडतात. असं एकही नूतनीकरण मला मान्य नाही, छत कितीही देखणं असो.

आता पाऊस. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद छत धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून साठ हजार लिटर पाणी खाली येतं. पन्हळी झाकून टाकल्या, पाइप खांबांच्या पोटात घातले आणि साफ करायला झडपच ठेवली नाही, की पालापाचोळ्याने पाइप तुंबतो आणि पाणी नेमकं बॅरियरच्या मोटरीवर पडतं. प्रत्येक खांबाच्या बुडाशी उघडता येणारी झडप आणि चेंबर ठेवा.

बूथमध्ये पाऊस येतो ही तक्रारही नेहमीची, आणि तिचं कारण दिशेत आहे. आपल्याकडे बूथ ड्रायव्हरच्या उजव्या हाताला असतो. निपाणीहून उत्तरेला, कोल्हापूरकडे जाणाऱ्या लेनमध्ये बूथची खिडकी त्यामुळे पश्चिमेला तोंड करते, म्हणजे थेट पावसाळी वाऱ्याला. उंच ट्रक जायचे म्हणून छत वरच ठेवावं लागतं, तिरका पाऊस खालून आत शिरतो. मोठ्या छताचा काठ वाढवण्यात पैसे घालू नका. बूथलाच बेताची, गाडीला न लागणारी पडवी द्या आणि खिडकीचा उंबरा बाहेरच्या बाजूला उतरता करा.

छताच्या जुन्या ट्रसवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, नवे पत्रे, कमानी, फायबरचे कळस चढवणं ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक. वळिवाचा वारा उघड्या छताला खालून उचलतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या वाऱ्यावरच्या तिसऱ्या भागात मोकळ्या छताचा हिशेब खालून वाट मोकळी असताना आणि अडलेली असताना असा वेगवेगळा करावा लागतो. खाली ट्रकांची रांग लागते तेव्हा दुसरी अवस्था येते. दर्शनी भाग उंच केला तर वाऱ्याला नवी भिंतच मिळते. ट्रस, बोल्ट आणि पाया पुन्हा तपासल्याशिवाय काही चढवू नका. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं छतातलं कमळ दगडात कोरलेलं आहे. ते फायबरमध्ये टोलनाक्यावर टांगून परंपरा जपली जात नाही.

नूतनीकरणानंतर फास्टॅग वाचला जात नाही, किंवा शेजारच्या लेनमधली गाडी वाचली जाते? मशीन बदलण्याआधी आजूबाजूचा पत्रा बघा. टॅग वाचणाऱ्या रीडरच्या लहरी धातूवर आपटून परततात. रीडरजवळ चकचकीत पॅनेल असेल तर काढा, मग रीडरचा कोन आणि शक्ती जुळवा. बॅरियर गाडीवरच खाली येत असेल तर काँक्रीटमध्ये पुरलेल्या लूपवर, म्हणजे गाडी ओळखणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, शंका घ्या. सळई जवळ आली की लूपची संवेदना कमी होते.

उसाचा विसर इथे कुणाला पडू नये, तरी पडतो. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. नेहमीची लेन साधारण ३.२ मीटरची, आणि उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. डावीकडची लेन रुंद ठेवा. तिच्या तोंडाशी वळण नको, नाहीतर मागच्या ट्रॉलीचं चाक कठड्यावर चढतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनाही त्याच बाजूने, पण कठड्याने वेगळी केलेली पायवाट द्या.

सीमेवरचा नाका तपासणी नाकाही होतो. कोरोनाच्या काळात कोगनोळीला ते सगळ्यांनी पाहिलं, निवडणुकीतही तेच होतं. बूथ ओलांडल्यावर गाड्या बाजूला घ्यायला जागा, वर छप्पर आणि जवळ स्वच्छतागृह आराखड्यातच धरा. नाहीतर तपासणी लेनमध्ये होते आणि रांग मागे गावापर्यंत जाते.

कामाचं वेळापत्रकही आराखड्याचाच भाग आहे. भुयार आणि गटारं मृगाआधी पुरी करा, ट्रस रात्री चढवा, आणि दिवाळीनंतर ऊस सुरू झाल्यावर डावी लेन कुठल्याही कारणाने बंद ठेवू नका.