फ्रेमवर राखाडीऐवजी रंग कसे आले

जुन्या बंदुकीच्या सौम्य पोलादी फ्रेमवर केस हार्डनिंग (फक्त पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया) करताना कडकपणा मिळत होता, पण निळे-जांभळे-पिवळट ढग उमटत नव्हते. सगळी फ्रेम राखाडी.

हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या बंद डब्यात फ्रेम साधारण ७५० अंश सेल्सिअसला तापवायची, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरतो. मग डबा पाण्यावर उघडून सगळं एकदम आत सोडायचं. रंग तयार होतात ते या शेवटच्या क्षणी. तो ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, जाडीप्रमाणे रंग बदलतो. लाल तापलेल्या फ्रेमला वाटेत हवा लागली की रंग गेलेच. म्हणून डबा थेट पाण्याच्या पृष्ठभागाशी नेऊन उघडू लागलो. पाणी देताना, म्हणजे तापलेली फ्रेम पाण्यात सोडताना, टाकीच्या तळातून हवेचे बुडबुडेही सोडले. फरक लगेच दिसला! शिवाय फ्रेम आधी आरशासारखी घासली आणि तेलाचा अंशही ठेवला नाही; बोटाचा डागसुद्धा उमटतो.

फ्रेम वाकू नये म्हणून पोकळ भागांत लोखंडी ठोकळे घट्ट बसवले. हे टाळू नका.

नुसत्या गॅस टॉर्चच्या ज्योतीने रंग येतात, कडकपणा येत नाही. सायनाइडची पद्धत विषारी, घरी नकोच. आणि आधीच उष्णतासंस्कार केलेल्या आधुनिक मिश्र पोलादाच्या फ्रेमला ही भट्टी दाखवू नये, तिची मजबुती बिघडू शकते.

रंग घर्षणाने आणि उन्हाने फिके पडतात, त्यामुळे वर पारदर्शक लॅकर दिलं आहे.